रोगही धरत नाही, फळही धरत नाही

दरेकशाला आमच्या घरी काळ्या द्राक्षाची वेल होती, असं सांगितलं की लोक हसतात. हसा बापा! चहूकडं जंगल, खाली धान, प्यायला मोहाची दारू. तिथं द्राक्ष कायले येते? नवी नवरी होते तेव्हा मीही हेच म्हटलं होतं.

आमचे हे रेल्वेत काटेवाले होते, गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलायचे. पुलाच्या कामावरचा गोरा साहेब बदलून गेला, तेव्हा बंगल्यातल्या वेलीची एक काडी त्यानं ह्यांना दिली. म्हणाला, हिची लाल दारू होते, हिला बीमारी लगती नहीं. वरून ताकीद, "हर साल काटना." आम्ही धानाची माणसं. धान काटना म्हणजे कापणी, एवढंच ठाऊक. पिकलं की दरसाल काढून घ्यायचं, असा अर्थ आम्ही लावला आणि फळाची वाट पाहत बसलो.

मला त्या वेलीचं भारी नवल. बंगल्यातली दुसरी, हिरव्या द्राक्षाची वेल पावसाळ्यात पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, पडून मेली, ही मात्र टुणटुणीत! एकदा पान उलटं केलं तर खालून पांढरंफटक. मी बोंबलले, "भुरी लागली वो!" पदरानं पुसलं, पुसेना. थुंकी लावून घासलं, तरी तेच. मग कळलं, ती तिची लवच आहे. सासू हसून हसून बेजार.

पण वेलीनं सासूचा वालाच्या शेंगांचा मांडव सगळा खाल्ला आणि दिलं काय? पानं. सासू चिडायची, "रोगबी धरत नाही न फळबी धरत नाही!" मी चूल फुंकत ऐकायची. माझंही तसंच होतं ना! ताप नाही, खोकला नाही, आणि लेकरूही नाही. चिचगडची सासूची बहीण ह्यांच्यासाठी दुसरी पोरगी पाहून ठेवून होती. सासू अजून हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती.

आमच्याकडं न फळणाऱ्या झाडाला धाक दाखवतात. एकानं विळा उगारायचा, दुसऱ्यानं आडवं येऊन "राहू द्या, यंदा फळंल" म्हणायचं. मग विळा खाली. झाडाला लाज वाटते म्हणे.

धान घरात आल्यावर पुस महिन्याच्या थंडीत सासूनं विळा काढला. "काऊन फळून नाही राहिली वो? तोडतो आता!"

बोलायची पाळी माझी होती. पण आदल्याच दिवशी ती चिचगडवाली माझ्या तोंडावर त्या पोरीचे गुण गाऊन गेली होती. माझं डोकं असं तापलेलं! म्हटलं, माझ्यासाठी कोण आडवं येतं, की मी हिच्यासाठी येऊ? गप्प उभी राहिले.

सासू थांबली. पुन्हा म्हणाली, "तोडतो हं!" मी ढिम्म. मग तिचाही पारा चढला. सपासप सगळ्या फांद्या छाटल्या, नुसते बोटाएवढे खुंट ठेवले.

शिमग्याच्या आसपास खुंटांना धुमारे फुटले आणि प्रत्येक धुमाऱ्याला मोहरीएवढ्या कळ्यांचा घोस! ह्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, काटना म्हणजे हे होय!"

उन्हाळ्यात घोस काळे झाले. साल जाड, आत बुळबुळीत गर, आणि आंबट! सासूनं तोंड वाकडं केलं. "याची दारू पिते साहेब? मोह काय वाईट हाये?" आणि दुसरं तोंडात टाकलं.

तेवढ्यात चिचगडवाली हजर. मांडवाखाली बसली आणि म्हणाली, "पोरीचा बाप थांबून नाही राहिला. वेल फळली, सून फळली काय?"

मी पाण्याचा लोटा घेऊन दारात उभी होते. सासू घोस तोडत होती. मान वर न करता म्हणाली, "राहू दे. फळंल."

मी आत पळाले आणि पदर तोंडात कोंबून रडले.

मला लेकरू झालं नाही. सासू दर पुसात वेल छाटायची. तिची बहीण दर उन्हाळ्यात तोच विषय घेऊन यायची, आणि सासू तेच उत्तर द्यायची. शेवटी शेवटी तिनं "फळंल" म्हणायचं सोडून दिलं. नुसतं म्हणायची, "राहू दे."