अळ्यांच्या पिठाची चव

अकोल्याला आमच्या शेजारचे गृहस्थ रोज सकाळी बादली घेऊन दारात उभे राहतात आणि माझ्या बायकोला विचारतात, "वहिनी, आज मेथी हाय का पालक?" पहिल्या दिवशी मी त्यांना जेवायलाच बसवणार होतो. त्यांना हवी होती भाजीची देठं, आणि तीही आपल्या अळ्यांसाठी. अळ्या पोसायच्या, वाळवायच्या, दळायच्या आणि ते पीठ अंगणातल्या टाक्यात मागूर माशांच्या पिल्लांना घालायचं, हा त्यांचा उद्योग. कोणी नाक मुरडलं की म्हणतात, "प्रोटीन हाय भाऊ, प्रोटीन!"

परवा बाजारचं खाद्य बंद करून पहिल्यांदाच नुसतं पीठ द्यायचं होतं. मागूरची पिल्लं उपाशी राहिली की एकमेकांनाच खातात, त्यामुळे शेजारी सकाळपासून टाक्याभोवती घिरट्या घालत होते. मी धीर द्यायला गेलो. म्हणजे मजा बघायला.

त्यांनी चिमूटभर पीठ आधी स्वतःच्याच जिभेवर ठेवलं.

"अहो, हे काहून खाऊन राहिले?" मी विचारलं.

"माय लेकराले घास देते, तं आधी चाखत नाही काय?" त्यांनी दुसरी चिमूट माझ्यापुढे धरली. "घ्या, तुमच्याच घरच्या मेथीवर पोसलेल्या हायेत."

मी उपास असल्याचं सांगितलं. वार बुधवार होता.

त्यांनी मूठभर पीठ पाण्यावर भुरभुरलं. पाणी हललं नाही. बऱ्याच वेळानं एक मिशाळ तोंड वर आलं, पीठ ओढून खाली गेलं, आणि मग सगळं टाकंच खळबळलं.

तोंडातलं पीठ शेजाऱ्यांनी तेव्हा कुठे गिळलं.