सातव्या श्वासानंतर

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. बारा वर्षं नर्स आहे मी. वॉर्डात कोणी भुताबिताचा विषय काढला की मीच झापते — आधी बीपी बघा म्हणून. पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही…

कारंज्याच्या एका छोट्या खासगी दवाखान्यातली, दुपारी तीनची गोष्ट. कामरगावच्या सुलोचनाबाई, सत्तरीच्या, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. दुखणं सहन होईना म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी कडक पेनकिलरचं इंजेक्शन दिलं. असं इंजेक्शन दिलं की अर्ध्या तासात परत जायचं, पेशंटला जागं करून बघायचं, श्वास मोजायचे. मी गेलेही — पण दारापर्यंतच. सून म्हणाली, दोन दिवसांनी डोळा लागला, झोपू द्या. मलाही घाई होती, जीपच्या अपघाताचे पेशंट आले होते. मी मागे फिरले. चूक माझीच.

वीस मिनिटांनी मन खायला लागलं म्हणून परत गेले. हाका मारल्या, उठेनात. छातीवर नजर ठेवून मोजायला लागले.

इथे एक सांगायला हवं. माझे बाबा खळ्यावर ज्वारी मोजताना 'एक' म्हणत नसत. पहिल्या मापाला 'लाभ', मग दोन, तीन… आणि सुरू केलेलं माप अर्धं सोडायचं नाही. मी श्वास तसेच मोजते — मनातल्या मनात. लाज वाटते म्हणून आजवर कोणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही.

लाभ, दोन, तीन… सात. आणि छाती हललीच नाही.

डॉक्टरांना ओरडून बोलावलं, ऑक्सिजनचा मास्क दाबून धरला. हात चालू होते, पण मन एकाच आकड्यावर अडकलेलं — आठ… आठ… घे गं माय, आठ. डॉक्टरांनी धावत येऊन उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. आणि छाती वर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलोचनाबाई चहा पीत बसल्या होत्या. मी माफी मागायला गेले. त्यांनी माझा हात धरून जवळ बसवलं.

"बाई, तू लाभ म्हनून मोजून राह्यली होती ना? सातवर अटकली. मंग आठ, आठ, किती येळा म्हटलं तुनं! मले वाटलं, पोरीचं माप अर्धं काहून ठेवाव… म्हनून घेतला मी."

सहकारी मैत्रीण म्हणते, तुझे ओठ हलले असतील. माझ्या तोंडावर मास्क होता. आणि बाईंचे डोळे मिटलेले होते.

बाबा असते तर त्यांना विचारलं असतं. आता एवढंच करते — इंजेक्शननंतर दारातून मागे फिरत नाही. शेजारी बसते, आणि 'लाभ' मोठ्याने म्हणते.