रोजचं साडेसातशे

शाळेच्या प्रयोगशाळेत मापकाकांनी चौतीस वर्षं काचेची भांडी धुतली आणि पोरांना दमात घेतलं. नाव पोरांनीच ठेवलेलं, आणि चपखल ठेवलेलं. कुणी मोजपात्र हातात उचलून वाचायला लागलं की काका खेकसायचे, "खाली ठेव ते! तू वाक. डोळा पाण्याच्या रेषेत आण आणि मधला खोलगट भाग बघ. पाणी तुझ्यासाठी वाकणार नाही!" मुख्याध्यापकसुद्धा त्यांना जरा वचकूनच असत.

निवृत्त झाले आणि वर्षभरातच काकूंचं हृदय थकलं. पायांवर सूज, छातीत पाणी. डॉक्टरांनी बजावलं, "दिवसाला साडेसातशे मिलिलिटर. चहा, सूप, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं धरून." दुसऱ्या कुणी अंदाजानं ओतलं असतं. काकांनी शाळेनं निरोपाला दिलेलं मोजपात्र ओट्यावर मांडलं आणि रोज सकाळी कमरेत वाकून, एक डोळा मिटून बायकोचं पाणी मोजायला लागले.

काकू तहानेनं हैराण. काकांनी रुंद पेला काढून उंच, अरुंद पेला आणला. तेवढंच पाणी त्यात काठाशी यायचं.

"अहो, मला बनवताय होय? पाणी भांड्याचा आकार घेतं, वाढत नाही. जन्मभर हेच ऐकत आले मी."

"बर्फ देऊ मग? गोठल्यावर जागा जास्त घेतो."

"द्या. निदान कडाकडा चावून राग तरी काढीन."

दोघं हसले. हसता हसता काकूंना धाप लागली आणि काकांचं तोंड एवढंसं झालं. हवा मिळेल ती जागा भरून टाकते, हे ते प्रयोगशाळेत पोरांना अत्तराची बाटली उघडून दाखवत. इथे हवेची जागाच पाण्यानं बळकावली होती. म्हणून ते हट्टाला पेटले, एक थेंब जास्त जाऊ द्यायचा नाही. तिला वाचवायला एवढंच तर त्यांच्या हातात होतं.

आठव्या महिन्यात एका दुपारी काकू म्हणाल्या, "एकदाच पोटभर पिऊ द्या हो."

मोजपात्रात दोनशे उरलं होतं, पण ते संध्याकाळच्या गोळ्यांसाठी राखलेलं. "संध्याकाळी देतो गं. थोडा दम धर."

काकूंनी भिंतीकडे कूस वळवली. चारच्या सुमाराला त्या गेल्या.

डॉक्टर आले, काकांचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुम्ही काही कमी केलं नाहीत. खरं सांगू? शेवटी शेवटी पाण्यानं काही फरक पडणार नव्हता. हवं तेवढं द्या, असं परवाच सांगणार होतो. राहून गेलं."

तासाभरानं मुलगी धावतपळत आली आणि काकांच्या गळ्यात पडली, तेव्हा ते म्हणाले,

"तिनं पाणी मागितलं होतं गं. घरात होतं, आणि मी दिलं नाही."