अण्णांच्या आरोळीसाठी स्पीकर

मंडळी, आज दुपारी शहरातल्या छावणी भागातल्या दुकानातून सोलर स्पीकर आणला. दिवसभर उन्हावर चालणारा. लासूर स्टेशनजवळ आमचं शेत आहे, तिथं ज्वारीवर उतरणारी पाखरं हाकलायला.

खरं तर हा मागच्या हंगामातच घ्यायचा होता. ज्वारी राखताना दिवसभर ओरडून आमच्या वडिलांचा, अण्णांचा, घसा पार बसायचा. त्यांनी माझ्या मोबाईलवर स्वतःची आरोळी रेकॉर्डसुद्धा करून दिली होती. म्हणाले, "ही लावून दे. मग मी बसतो लिंबाखाली."

मी मात्र इकडे शहरात, बजाजनगरात बसून स्पीकरच्या बॅटऱ्या बघत राहिले. एकाचे रिव्ह्यू, दुसऱ्याची ऑफर. "थांबा अण्णा, चांगला बघून घेऊ."

"बघ निवांत. तवर मी हाय की."

दिवाळीनंतर अण्णा गेले.

आज दुकानदार म्हणाला, "मॅडम, कुछ भी लगाके देखो." मी मोबाईल जोडला. "हाऽऽऽ हुर्रर्र!" अख्खं दुकान वळून बघायला लागलं. आरोळीनंतर अण्णांचा तो कोरडा खोकला आला आणि मला तिथंच रडू कोसळलं.

बाहेर येऊन आईला फोन केला. "शेतात अण्णांचाच आवाज लावला तर चालंल का गं तुला?"

ती म्हणाली, "लाव. पण बाई, लई मोठ्यानं नको लावू. त्यांचा घसा लगेच बसतो."

उद्या शेतात जातेय. तुम्हीच सांगा, आवाज किती ठेवू?