धोंड्याच्या सालचा दसरा

"गाडीचा विमा दिवाळीत भरतो, घाई काय आहे?" असं मुलगा फोनवर सहज म्हणाला. तो पुण्यात असतो, रोज गाडीनं कामावर जातो. मी एवढी का चिडले, ते त्याला कळलं नाही. त्याला आजोबा फक्त फोटोतले माहीत. फोटोत दादा जीपला टेकून हसताहेत. ती जीप जेमतेम वर्षभर आमची होती, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. झोप येईना, म्हणून आता लिहून ठेवते.

दादा म्हणजे माझे वडील, साहेबराव. अहमदपूरचे. त्यांचे वडील सालगडी होते. पाडव्याला साल धरायचं, पुढच्या पाडव्याला सुटायचं. अधिक महिना आला की ते साल तेरा महिन्यांचं व्हायचं, आणि तो धोंड्याचा महिना मालकाला फुकट जायचा. कराराला माझ्या आजोबांचा अंगठा असायचा, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. हे ऐकत दादा वाढले. सालगडी व्हायचं नाही म्हणून घरातून पळाले, ट्रकवर क्लीनर झाले, मग ड्रायव्हर.

लातूर जिल्हा झाला तशी आमच्या तालुक्याची उस्मानाबादची वाट लातूरकडे वळली. नव्या जिल्ह्यात साहेब लई आणि गाड्या कमी, असं दादा म्हणायचे. आईचे दागिने मोडून त्यांनी जुनी जीप घेतली. आमच्याकडे मुहूर्त बघत नाहीत, घरात पंचांगही नाही. पण अशोक विजयादशमी, धम्मदीक्षेचा दिवस, हा आमचा सगळ्यात मोठा दिवस. त्या दिवशी विहारात वंदना करून दादांनी जीपला निळा झेंडा लावला. विमा आदल्या दिवशीच नांदेडच्या रेणुकादासकाकांकडून उतरवून आणला होता. ते विम्याचे एजंट. इंग्रजीतला तो कागद दादांनी घडी करून सीटखाली ठेवला आणि मनाशी हिशेब बांधला, की दसऱ्याला घेतला तो दसऱ्याला संपेल.

पुढच्या वर्षी पाऊस गेला. गावोगावी दुष्काळी कामं निघाली, बायका रस्त्याकडेला खडी फोडायला बसू लागल्या. पाहणीला येणाऱ्या साहेबांना दादांची जीप लागायची, त्यामुळे आमच्या घरात त्या वर्षी चूल नीट पेटत होती. आई ते कुणाला बोलून दाखवत नसे.

दसरा चार-पाच दिवसांवर आलेला. साहेबांना सोडून दादा रिकामी जीप घेऊन परत येत होते. वळणावर खडी पसरलेली होती, तिच्यावरून चाक सरकलं आणि जीप कडेच्या ढिगात घुसली. ढिगाशी खडी फोडत कोंडाबाई बसली होती. उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला.

दादा पळाले नाहीत. त्यांनीच तिला उचलून जीपमध्ये घातलं, तिच्या नवऱ्याला, ज्ञानोबाला, शेजारी बसवलं आणि तसेच नांदेडला सरकारी दवाखान्यात आणलं. मी नांदेडलाच कॉलेजात होते. निरोप आला तशी होस्टेलवरून धावत गेले. दवाखान्याच्या व्हरांड्यात गावची पाच-पंचवीस माणसं जमली होती. दादांच्या सदऱ्याला रक्त होतं, पण आवाज ठाम होता.

"ज्ञानोबा, काळजी करू नगा. गाडीला विमा हाय. कंपनी समदं भरून देईल."

लोकांनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, माणूस असावा तर असा. मला त्या क्षणी फार अभिमान वाटला होता. तो आठवला की अजून मान खाली जाते.

तिथून आम्ही दोघं रेणुकादासकाकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून कागद पाहिला, पुन्हा पाहिला, आणि माझ्या हातात दिला. तारीख मी वाचली. विमा महिन्याच्या सुरुवातीलाच संपला होता.

"दसऱ्याला घेतला होता. दसरा कुठं आला अजून?" दादा म्हणाले.

"साहेबराव, यंदा धोंडा होता ना. दसरा पुढं गेला. कंपनी इंग्रजी तारखेनं चालते, तिला धोंडा नसतो. मी भुजंगाजवळ निरोप धाडला होता की."

भुजंगचं स्टँडसमोर चहाचं हॉटेल होतं. निरोप पोचला होता. दादांनीच त्याला सांगितलं होतं, दसरा येऊ दे, मग बघतो.

ज्या महिन्यानं बापाला आयुष्यभर नागवलं, तोच महिना दादा विसरले होते.

अहमदपूरला परतल्यावर भुजंगनं त्यांना आत बसवून वाट दाखवली. जीप उभी होती, बाईच ढिगावरून घसरली, असं लिहून घ्यायचं. मग दुष्काळी कामावरचा अपघात म्हणून सरकारच काहीतरी देईल. ज्ञानोबा अडाणी आहे, अंगठा देईल. दादा 'न्हाई' म्हणाले नाहीत. 'बघू' म्हणाले. हे मला पुढे आईनं सांगितलं.

त्यानंतर दादा दवाखान्यात फिरकले नाहीत. डबा घेऊन मी जायची. ज्ञानोबा रोज विचारायचा, "पोरी, विमावाले कधी येणार?" दारात पॅन्टवाला दिसला की उठून उभा राहायचा. मी दादांना विचारून सांगते म्हणायची आणि घाईनं डबा घासायला घ्यायची. कोंडाबाई काही विचारत नव्हती, नुसती माझ्याकडे बघायची. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाय काढावा लागेल म्हणून सांगितलं. आणि काढला.

सुट्टी लागली तशी मी घरी आले. विजयादशमीला सकाळी सगळे पांढरे कपडे घालून विहारात गेलो. पंचशील म्हणायला सुरुवात झाली. दादांचा आवाज मोठा, दरवर्षी सगळ्यांच्या वर जायचा. 'मुसावादा वेरमणी'ला आलो, म्हणजे खोटं बोलणार नाही हे शील, आणि तो आवाज थांबला. बाकीचे म्हणत राहिले. आईनं पदर तोंडाला लावला. पाचवं शील संपेपर्यंत दादा हात जोडून मुकाट उभे होते.

बाहेर आल्यावर त्यांनी जीपचा झेंडा काढला, घडी करून आईजवळ दिला, आणि मला म्हणाले, "चल."

दवाखान्यात ते ज्ञानोबाच्या समोर खाली फरशीवर बसले. विमा संपला होता, मी दसऱ्यावर राहिलो, तुम्हाला खोटं सांगितलं गेलं, आणि खरं कळल्यावर तोंड लपवून राहिलो, असं एका दमात बोलले. भुजंगनं सुचवलेलंही सांगितलं. मला वाटलं होतं, ज्ञानोबा विरघळेल. खरं बोलणाऱ्याला लोक माफ करतात, असं तोवर मला वाटायचं.

ज्ञानोबा म्हणाला, "विमा न्हाई तर न्हाई. जीप तर हाय की."

कोंडाबाई पहिल्यांदाच बोलली. "मला अंगठा मागायला आला असतास, तर दिला असता रं. तवा इमानदार वाटला होतास."

लातूरच्या कोर्टात पुढे दावा चालला. दादांनी वकिलाला वाद घालू दिला नाही. जीप विकली, मिळाले ते कोर्टात भरले, उरलेले पगारातून फिटत राहिले. जीप गावातल्याच एका शेटनं घेतली, सवारी वाहायला लावली आणि तिच्यावर ड्रायव्हर म्हणून दादांनाच ठेवलं. दुसरं काम त्यांना येत नव्हतं. आपल्याच गाडीवर ते सालगडी झाले, असं लोक म्हणायचे. दादांच्या कानावर जायचं.

कोंडाबाई दर बाजारच्या दिवशी कुबडी घेऊन त्याच वळणावर उभी असायची. दादा जीप थांबवायचे. सगळी सवारी भरलेली असायची, तरी ती पाय आत ठेवण्याआधी मोठ्यानं विचारायची, "विमा हाय का गा?"

माणसं हसायची. दादा हसत नसत. खिशातून कागद काढून ते शेजारच्या शिकलेल्या माणसाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "तारीख वाचा." तो वाचायचा. मग कोंडाबाई कुबडी आत टाकायची. दादा उतरून तिला हात द्यायचे. तो हात तिनं कधी धरला नाही. दारच्या दांडीला धरून एकटीच वर चढायची, आणि तिला वेळ लागायचा. तोवर दादा तसाच हात पुढे करून रस्त्यात उभे राहायचे.