चुन्याखालची ओळ

त्या निवडणुकीत राजारामपुरीतली, बसस्टॉपसमोरची आमची कंपाउंडची भिंत रंगवायला आलेल्या पेंटरचं नाव मी विचारलं नाही. कानावर बिडी, दाढीत चुना. गडी आधी काळ्या ऑइलपेंटनं स्वतःची कविता लिहायचा. ती वाळली की वर चुना मारायचा आणि त्यावर पक्षाची घोषणा.

"कुठंतरी छापायला द्या की," मी म्हटलं. माझे दोन संग्रह तेव्हा छापून झाले होते.

"पुस्तकवाल्यांसाठी न्हाय लिवत मी, पावणं. हितं बसची वाट बघत्यात त्यांच्यासाठी लिवतो."

"मग झाकता कशाला?"

"पुढाऱ्याचा चुना दोन पावसाळं टिकतोय. कवितेला घाई न्हाय."

झालंही तसंच. चुन्याचे पोपडे उडाले आणि स्टॉपवरची माणसं वाचायला लागली: 'मत दिलंस, आता आवाजबी दिऊ नगंस.'

पुढच्या निवडणुकीला कार्यकर्ते नवा पेंटर घेऊन आले. जुन्याला कुठल्याच पक्षानं काम द्यायचं नाही, असं ठरलं होतं म्हणे. नव्यानं चुन्याची बादली खाली ठेवली.

"भिंत मिळणार नाही," मी म्हणालो. आवाज कापत होता, पण माझाच होता.