सायीसकट भरलेला पेला

मुलुंडला राहायला आलो त्याच वर्षी सासूबाईंनी तबेल्यातलं म्हशीचं दूध लावलं. केंद्रावरच्या बाटलीतल्या दुधाला त्या नाक मुरडायच्या. माझी लेक तेव्हा सात वर्षांची होती. सकाळी शाळेच्या गणवेशात ती ओट्याशी उभी राहायची आणि सायीसकट भरलेला पेला संपल्याशिवाय सासूबाई तिला दारातून सोडत नसत.

तिसऱ्या तासाला तिच्या पोटात कळ यायची. बाईंनी वेळेवर सोडलं नाही की कपडे खराब. दोनदा तसं झालं, मुलं हसली, आणि शाळेत जायचंच नाही म्हणून पोरगी हटून बसली. सासूबाईंचा उपाय ठरलेला होता. "पोटात ताकद नाय, आणखी दूध दी." मला असा संताप यायचा!

कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, "काही मुलांना दूध पचत नाही. पंधरा दिवस बंद करून बघा. ताक सोसतंय का, तेही बघा." घरी येऊन मी सांगून टाकलं, उद्यापासून दूध नाही. सकाळी पाण्यात शिजवलेली नाचणीची पेज, दुपारी ताक. सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नसेनात का बोलत! लेक रोज शाळेत जात होती, हसत परत येत होती.

बाराव्या दिवशी शाळेतल्या मावशी तिला मधल्या सुट्टीच्या आधीच घरी घेऊन आल्या. लेक मान वर करेना. त्या दिवशी पेज सासूबाईंनी केली होती, थोडी पातेल्याच्या बुडाशी उरली होती. मी बोट लावून चाखली. दुधात शिजवलेली.

"आई, हे का केलंत?" मी ओरडलेच.

त्या म्हणाल्या, "गावाक आमच्या म्हशीचा दूध सगळा विकूक जाय. माझ्या पोरांका कधी पेलोभर गावला नाय गो. नातीक तरी गावूंदे."

माझा राग ओसरला, खोटं कशाला बोलू. निर्धार मात्र तसाच होता. "तिला दूध नाही म्हणजे नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध तापवलं, सायीसकट पेला भरला आणि सासूबाईंसमोर ठेवला. "हा आता तुम्ही संपवायचा. तोवर मी इथून हलणार नाही."

मग लेकीने पेजेची वाटी तोंडाला लावली आणि त्यांनी पेला. रिकामा पेला माझ्या हातात देत म्हणाल्या, "बघ, माझ्या पोटात काय एक दुखूक नाय." आणि पदराने डोळे पुसले.